एकाच सागवानाच्या फळ्या वेगवेगळ्या का दिसतात? लाकडी फरशी बसवण्याआधीची निवड आणि जुळवणी

माल उतरला की मालकाचा फोन ठरलेला. "भाऊ, सागवान सांगतलं होतं ना? यात तर तीन-चार जातीचं लाकूड दिसून राह्यलं." अंगणात फळ्या पसरलेल्या असतात. एक पिवळसर सोनेरी, दुसरी कोऱ्या चहाच्या रंगाची, तिसरीवर काळ्या रेघा, चौथीच्या कडेला बोटभर पांढरा पट्टा आणि एखादी चक्क हिरवट. मालकाला वाटतं की आपल्याला फसवलं. तसं कधीकधी होतंही, आणि ते ओळखायचं कसं ते पुढे आहेच. पण बहुतेक वेळा त्या सगळ्या फळ्या सागवानाच्याच असतात, आणि दोन-चार तर एकाच ओंडक्यातून निघालेल्या असतात.

आपल्या विदर्भातल्या वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागाईतदार असला की मला समजावायला सोपं जातं. एकाच बगीच्यातला अंबिया आणि मृग बहार, म्हणजे दोन वेगळ्या मोसमांतलं फळ, रंगाला, सालीला, चवीला सारखा असतो का? मग साठ-सत्तर पावसाळे अंगावर घेतलेलं झाड आतून एकरंगी कसं निघेल?

माडीची तक्तपोशी असो की नव्या घरातल्या खोलीची लाकडी फरशी, फळ्यांमधला फरक काढून टाकता येत नाही. तो खोलीभर नीट वाटून द्यावा लागतो. ज्या फरशा पाहून लोक "वा" म्हणतात, त्यातही हिरवट, काळी, पिवळी सगळी पोरं असतातच. कोणीतरी बसून ती जागच्या जागी लावलेली असतात, इतकंच. हे काम खिळा ठोकण्याआधीचं आहे. खिळा ठोकल्यावर फक्त भांडण उरतं.

फरक झाडातूनच येतो

ओंडक्याचं आडवं तोंड पाहा. मध्ये गडद गाभा, बाहेर सालीलगत फिकट पांढरट कडं. हे पांढरं लाकूड झाडाचं पाणी वाहणारं जिवंत अंग असतं. त्यात तेल आणि रंगद्रव्यं नसतात. पुढे आतली जुनी वलयं काम थांबवतात, त्यांत ही द्रव्यं साठतात आणि गाभा तयार होतो. उधई (वाळवी) आणि भुंगा पांढऱ्यावर तुटून पडतात, गाभ्याला सहसा तोंड लावत नाहीत, ते याच द्रव्यांमुळे. जुन्या वाड्यांच्या नाटा-मयाली (तुळया) अजून शाबूत दिसतात त्या गाभ्याच्या असतात.

आता आपल्याकडचं हवामान बघा. होळीच्या सुमारास सागाचं रान उघडंबोडकं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर पानं फुटतात, आणि त्या घाईत झाड मोठमोठ्या छिद्रांचं, सैल लाकूड घालतं. पुढे वाढ मंदावते तसं बारीक छिद्रांचं घट्ट लाकूड बनतं. सैल आणि घट्ट मिळून एका वर्षाचं एक वलय. साग हा वलयं डोळ्यांनी मोजता येणाऱ्या झाडांपैकी आहे. फळीवरची नक्षी दिसते ती याच सैल-घट्ट पट्ट्यांची.

पाऊस दगा देतो त्या वर्षी वलय अरुंद. पावसाळ्यात कधी सगळं रान तांबूस जाळीसारखं दिसतं, ते पानांची चाळण करणाऱ्या अळीचं काम. पानंच गेली की वाढ खुंटते आणि त्या वर्षाचं वलयही बारीक पडतं. उन्हाळ्यात वणवा बुंध्याला लागून गेला तर तिथे जखम भरते आणि आत काळपट डाग किंवा पोकळी राहते. म्हणून बुडातल्या फळ्या शेंड्याकडच्या फळ्यांपेक्षा अनेकदा जास्त गडद आणि जास्त चट्ट्यांच्या असतात.

जमिनीचाही हिशेब आहे. सागाला निचऱ्याची जमीन लागते. पाणी धरणाऱ्या चिकण काळीत तो खुरटतो. आलापल्लीच्या, मेळघाटातल्या आणि यवतमाळकडच्या झाडांची माती वेगळी, पाऊस वेगळा, मग लाकूडही थोडं वेगळं. मध्य भारतातला हा साग जुन्या मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) नावावरून बाजारात आजही 'सीपी सागवान' म्हणून विकला जातो, आणि त्याच्या गडद रंगाला नि नक्षीला मागणी आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं ते याच पट्ट्यातलं. पण म्हणून सीपीची प्रत्येक फळी गडद निघेल असं नाही. एकाच डेपोतल्या, एकाच थप्पीतल्या दोन ओंडक्यांतसुद्धा रंग फिरतो.

बांधावरच्या सागाची गोष्ट आणखी निराळी. जंगलात शेजारची झाडं सावली धरतात, खालच्या फांद्या लवकर वाळून गळतात, खोड सरळ आणि कमी गाठींचं वाढतं. बांधावर चारी बाजूंनी ऊन, त्यामुळे फांद्या खालपर्यंत आणि प्रत्येक फांदीमागे लाकडात एक गाठ. शिवाय झाड तरणं असतानाच पोरीच्या लग्नासाठी किंवा बोअरवेलसाठी तोडलं जातं, म्हणून गाभा कमी आणि पांढरं जास्त. रोपवनातल्या विरळणीच्या, म्हणजे गर्दी कमी करायला मधून तोडलेल्या, बल्ल्यांचंही असंच. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाची सागलागवड विदर्भात मोठी आहे, आणि तिथला तरणा माल फिकट दिसतो. फिकट म्हणजे बनावट नव्हे. रुंद वलयाचं लाकूड कमजोर, हाही सरसकट खरा नसलेला समज आहे. मात्र पांढरं जास्त असेल तर त्याचे पैसे गाभ्याच्या भावाने देऊ नका.

दोन गोष्टींना लोक उगाच घाबरतात. काळ्या-तपकिरी रेघा ही सागाची स्वतःची रंगद्रव्यं, ती सडण नव्हे. आणि छिद्रांत पांढरी भुकटी दिसते ती झाडाने जमिनीतून ओढलेली खनिजं. सागात वाळूचा अंशही असतो, म्हणून तर रंध्याचं पातं इतक्या लवकर बोथट होतं. नखाने दाबून पाहा. लाकूड टणक असेल तर रेघ काहीही असो, फळी चांगली. नख रुतलं, लाकूड भुसभुशीत लागलं, तर ती सड, ती बाजूला काढा.

पायरी १ : जात पक्की करा

रंगावरून जात ठरवू नका, रंगच तर फसवतो. फळीचं टोक धारदार पटाशीने स्वच्छ छाटा आणि उजेडात धरा. सागात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग साध्या डोळ्यांनी दिसते. ताजं छाटलेलं लाकूड हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो.

आपल्याकडे सागात मिसळलं जाणारं लाकूड म्हणजे बिजा, ऐन, हळदू. बिज्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला की फडक्याला पिवळा डाग पडतो. हळदू सगळीकडून एकसारखा पिवळा असतो, वलयं शोधावी लागतात. ऐन वजनावर सापडतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरतं, ऐन २३-२४ किलोपर्यंत जातो. फळीची लांबी-रुंदी-जाडी मोजून किराण्याच्या काट्यावर ठेवली तरी कळतं. ही वाईट लाकडं नाहीत. बिजा तर उत्तमच. पण सागाच्या भावात नकोत, आणि एकाच फरशीत तर नकोतच, कारण प्रत्येकाचं फुगणं-आकसणं वेगळं.

घाना, टांझानिया, इक्वेडोर अशा देशांतून येणाऱ्या लागवडीच्या सागाची जात तीच असते, फक्त झाडं तरणी. 'आफ्रिकन टीक' या नावाखाली मात्र भलत्याच जातीचं लाकूडही विकलं जातं, तेव्हा नावाऐवजी टोक तपासा.

पायरी २ : सगळा माल एका खेपेत घ्या

अर्धा माल दिवाळीआधी, उरलेला पैसे आल्यावर, हे धोरण विटा-सिमेंटला चालतं. लाकडाला नाही. दुसरी खेप दुसऱ्या झाडांची, दुसऱ्या वाळवणीची. दोन खोल्या असतील तर एका खोलीचा पूर्ण माल आज घ्या, दुसरीचा पुढच्या वर्षी. दोन खोल्या एकमेकींपेक्षा वेगळ्या दिसल्या तर कोणी लक्ष देत नाही. एकाच खोलीच्या मध्यावर रंग बदलला तर आलेला प्रत्येक पाहुणा तिथेच बघतो.

किती घ्यायचं त्याचा हिशेब : १२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. इंचभर जाडीच्या फळीने १६८ भागिले १२, म्हणजे १४ घनफूट. यावर कापाकापी आणि निवडीत बाजूला पडणाऱ्या फळ्यांसाठी १५ ते २० टक्के धरा. म्हणजे १६ ते १७ घनफूट. हा वाढीव माल वाचवायच्या मागे लागू नका. हातात जास्तीच्या फळ्या नसतील तर निवड कशातून करणार? ओंडका घेऊन चिरून घेणार असाल तर साल, पांढरं, भुसा आणि वेडीवाकडी फाळकी वजा जाता साधारण अर्धंच कामाचं लाकूड हाती येतं.

बल्लारपूर, आलापल्ली, परतवाडा इथल्या सरकारी डेपोत लिलावाने माल मिळतो, पण एका खोलीसाठी कोणी लिलावाला जात नाही. आरामशीनवाल्याकडून घेताना पक्कं बिल मागा. स्वतःच्या बांधावरचा साग असेल तर तोडायला परवानगी आणि हलवायला वाहतूक परवाना लागतो. तो हाती आल्याशिवाय ट्रॅक्टर बोलावू नका.

आणि नमुना म्हणून दुकानदार वीतभर पॉलिश केलेला तुकडा दाखवतो, तो परत त्याच्याच हातात द्या. त्या तुकड्यावरून त्या तुकड्याचाच रंग कळतो. थप्पीतल्या दहा-बारा फळ्या वर-मधून-खालून ओढून शेजारी शेजारी पसरा. सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद या दोन फळ्यांच्या मधलं जे काही, ती तुमची फरशी. ते पटत असेल तरच बयाणा द्या.

पायरी ३ : चिराईला स्वतः उभे राहा

एकाच ओंडक्यातून दोन वेगळ्या जातींच्या वाटाव्या अशा फळ्या निघतात त्या इथे. फळीचं टोक बघा. वलयांच्या रेषा फळीच्या रुंदीला समांतर, आडव्या पडलेल्या असतील तर वरच्या अंगावर मोठमोठ्या कमानींची नक्षी येते. वलयं टोकात उभी असतील तर वर सरळ, बारीक, समांतर रेघा येतात. पहिलीला आडवी चीर म्हणू, दुसरीला उभी. आरामशीनवाला सरळ एका बाजूने चिरत गेला की कडेच्या फळ्या आडव्या चिरीच्या, मधल्या उभ्या आणि काही तिरप्या, असा मिश्र माल निघतो. सगळ्या फळ्या उभ्या चिरीच्या हव्या असतील तर ओंडका आधी चौफाळून, म्हणजे लांबीत चार फाका करून, मग चिरावा लागतो. त्यात मेहनत आणि वाया जाणारं लाकूड जास्त, म्हणून भावही जास्त.

फरक फक्त दिसण्याचा नाही. आडव्या चिरीची फळी रुंदीत उभ्या चिरीच्या साधारण दुप्पट फुगते-आकसते. ४ इंची आडव्या चिरीच्या फळीत लाकडाची ओल ६ टक्क्यांनी बदलली तर रुंदी सुमारे १ मिलिमीटरने बदलते, उभ्या चिरीची त्याच्या निम्म्याने. ऐकायला किरकोळ, पण १२ फुटांच्या खोलीत अशा छत्तीस फळ्या बसतात.

माझं मत विचाराल तर गावच्या घराला मिश्र चीर चालते, पण ती मिश्र आहे हे आधीच ठरलेलं असावं. ज्याला शांत, सरळ रेघांची फरशी हवी त्याने उभ्या चिरीचे पैसे मोजावेत आणि फळ्या ३-४ इंचांच्याच ठेवाव्यात. ८-९ इंची रुंद फळीचा हौसेने आग्रह धरणारे लोक पुढे पावसाळ्यात तिच्या कडा उचललेल्या पाहून सुताराला शिव्या देतात.

पायरी ४ : वाळवण

विदर्भात सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो. वैशाखाचं ऊन फुकट आहे म्हणून लोक ओल्या फळ्या उन्हात टाकतात. वरचा थर तडकाफडकी आकसतो, आत ओल तशीच, मग केसाएवढ्या भेगा पडतात आणि पॉलिश त्यात काळं होऊन बसतं. फळ्या सावलीत, वारा खेळता राहील अशा छपरीत रचा. खाली जमिनीपासून फूटभर उंच आधार, दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर, आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका ओळीत. ओळ चुकली की फळी तिथे वाकते. टोकांना जुना ऑइलपेंट फासा, टोकं सर्वांत आधी सुकतात आणि फाटतात.

मधल्या पट्ट्या स्वतः वाळलेल्या हव्यात. ओल्या पट्टीखाली हवा लागत नाही आणि फळीवर आडवा फिकट-गडद पट्टा उमटतो, जो रंधा मारूनही कधीकधी जात नाही. पुढे पूर्ण फरशीवर दर दोन फुटांनी असा पट्टा दिसायला लागला की मालक म्हणतो लाकूडच वेगळं. लाकूड तेच असतं, थप्पी वाईट रचलेली असते. तसंच, ओल्या लाकडावर लोखंडी गज, साखळी, खिळे पडून राहिले तर निळसर काळे डाग पडतात. आणि पावसाळ्यात कोंदट जागी ठेवलेल्या मालाच्या पांढऱ्या भागात बुरशीची निळी छटा शिरते.

इंचभर फळीला सावलीत काही महिने द्यावेच लागतात. भट्टीत वाळवलेला माल मिळत असेल तर उत्तम, पण तोही ओल मोजायचं मीटर लावून बघा. मीटर नसेल तर तुकडा टोकाकडून न घेता मधून कापून काट्यावर तोला, मग शंभर-एकशेतीन अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वजन घटणं थांबेपर्यंत वाळवा. आधी २३० ग्रॅम, नंतर २०५ ग्रॅम, तर २५ भागिले २०५, म्हणजे १२ टक्के ओल. आपल्याकडे फरशीचं लाकूड ८ ते १२ टक्क्यांत असावं.

हा आकडा का, ते हवेवरून कळेल. हवेतली आर्द्रता २० टक्के असेल तर लाकूड शेवटी ४-५ टक्के ओलीवर येतं, ८० टक्के असेल तर १६ वर. आपला मे आणि आपला ऑगस्ट या दोन टोकांच्या जवळपास असतात. म्हणून फरशी बसवायची ती दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात घट्ट बसवलेली फरशी जुलैत मधोमध उचलते.

पायरी ५ : रंधा मारा आणि उजेड दाखवा

हिरवट फळीचं कोडं इथे सुटतं. ताजं चिरलेलं सागवान चट्ट्याचट्ट्यांचं, हिरवट, कधी मेंदी कालवल्यासारखं दिसतं. उजेड आणि हवा लागली की काही आठवड्यांत ते एकसारख्या सोनेरी तपकिरीकडे वळतं. सर्वांत वाईट दिसणारी फळी घ्या, रंधा मारा, अर्ध्या भागावर पुठ्ठा बांधा आणि पडवीत जिथे उजेड येतो पण पाणी नाही तिथे ठेवा. पंधरा-वीस दिवसांनी पुठ्ठा सोडा. झाकलेल्या भागावर जुने चट्टे तसेच, उघड्या भागावर ते विरघळलेले, आणि मध्ये सुरीने कापावी तशी रेघ. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मालक पुन्हा हिरवट फळी परत पाठवत नाही.

म्हणून निवड करायची ती सर्व फळ्यांना सारखा रंधा मारून, सारखा उजेड दाखवून झाल्यावरच. थप्पीची वरची फळी आणि मधली फळी यांची तुलना म्हणजे उन्हात राबलेल्या आणि घरात बसलेल्या माणसाचा रंग बघून त्यांचं गाव ठरवणं.

वाडा पाडून निघालेलं जुनं लाकूड वापरणार असाल तरी हेच. वरचा काळपट थर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो, खाली लाकूड उजळ निघतं. जुनं आणि नवं एका खोलीत मिसळू नका. आणि रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधा, नाहीतर पात्याचं वाटोळं.

पायरी ६ : गठ्ठे करा, मग सुकी मांडणी

या कामाला एक अख्खा दिवस द्या. सकाळच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली अजिबात नाही. प्रत्येक फळीवर थिनरमध्ये भिजवलेलं फडकं फिरवा. थिनर ओला असेपर्यंत दिसतो तो रंग पॉलिशखालच्या रंगाच्या बराच जवळचा असतो, आणि तो मिनिटभरात उडूनही जातो. विडी-सिगारेट तेवढी लांब ठेवा.

मग चार गठ्ठे. फिकट, मध्यम, गडद आणि रेघांच्या किंवा गाठींच्या 'बोलक्या' फळ्या. पांढरा पट्टा असलेल्या फळ्या वेगळ्या काढा. पांढरं फक्त कडेला असेल तर ते कापून टाका, नाहीतर ती फळी फरशीतच नको, पलंगाखालीसुद्धा नको. उधई तिथूनच आत शिरते.

आता मजूर सहसा काय करतो? हाताला येईल तो गठ्ठा संपवतो आणि दुसरा उचलतो. मग दाराजवळ फिकट, खिडकीपाशी काळं. त्याऐवजी प्रत्येक ओळीत प्रत्येक गठ्ठ्यातली फळी जाईल असं वाटप करा, गठ्ठ्यांच्या प्रमाणात. मध्यम निम्म्या असतील तर प्रत्येक ओळीत निम्म्या मध्यम. दोन बोलक्या फळ्या शेजारी नकोत. सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद एकमेकींना चिकटू देऊ नका, मध्ये मध्यम घाला. शेजारच्या ओळीतले जोड एका रेषेत येऊ देऊ नका, निदान फूटभर सरकवा.

सगळ्या फळ्या खिळा न मारता, नर-मादी सांधा (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते तो) नुसता टेकवून, खोलीत मांडा आणि दाराच्या उंबऱ्यावरून बघा. मग समोरच्या कोपऱ्यातून. इथे एक गंमत दिसेल. एखादी फळी डोळ्यात खुपत असेल तर ती बदलण्याआधी फक्त टोकाचं टोकाला फिरवून ठेवा. लाकडाचे धागे एका दिशेने कलते असतात आणि उजेड त्यांवरून वेगळ्या कोनातून परततो, त्यामुळे उंबऱ्यावरून गडद वाटणारी तीच फळी उलट फिरवली की उजळ दिसते. माझ्या कामावरचे म्हातारे मिस्त्री नवीन पोट्ट्याला हेच सांगतात, "फेकू नको बे, फिरव आधी." निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चांगल्या फळ्या खोलीच्या मध्यात आणि दारासमोर, गाठीच्या फळ्या कपाट-पलंगाखाली, ही चलाखी चालते. पण थोडीच. पूर्ण कडा गाठाळ आणि मध्य स्वच्छ केला की फरशी चौकट मारल्यासारखी दिसते.

मांडणी पटली की प्रत्येक फळीच्या मागे खडूने ओळ आणि क्रमांक लिहा, फोटो काढा, आणि घरच्या ज्या माणसाचा शब्द चालतो त्यालाच नव्हे, घरातल्या बाईलाही उंबऱ्यावर उभं करून होकार घ्या. रोज ती फरशी तीच पुसणार आहे.

पायरी ७ : बसवणं आणि पॉलिश

जमिनीवर फरशी करत असाल तर खालून येणारी ओल हा पहिला शत्रू. काँक्रीट पूर्ण वाळलेलं हवं आणि त्यावर जाड प्लास्टिकचा थर हवा. नाहीतर काही फळ्या खालून ओल ओढून काळवंडतात आणि पुन्हा रंगफरकाचा आरोप लाकडावर येतो. भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर फट सोडा, ती बीडिंगखाली (कडेच्या पट्टीखाली) झाकली जाते.

घासताना सगळीकडे एकच क्रम. ८०, १२०, मग १५० नंबरचा घासकागद. एका भागात १२० वर थांबलात आणि दुसऱ्यात १५० पर्यंत गेलात तर पॉलिश वेगळं शोषलं जाऊन रंगफरक तुम्हीच तयार करता. सागाचं तेल पॉलिश वाळू देत नाही, म्हणून शेवटच्या घासणीनंतर थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी पहिला हात द्या.

तेलाचा हात किंवा साधं पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) लाकूड गडद आणि उबदार करतं, पाण्यावरचं पीयू जवळपास आहे तसं ठेवतं. तेलाने फरक अधिक उठून दिसतो हे लक्षात असू द्या. चारही गठ्ठ्यांतल्या उरलेल्या एकेका तुकड्यावर आधी करून पाहा. आणि "सगळं एका रंगाचं करून टाका" म्हणून गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारायला सांगू नका. स्टेन सैल आणि घट्ट पट्ट्यांत वेगवेगळा मुरतो, सागाची नक्षी मळकट होते, आणि झिजेल तिथे खालचा रंग उघडा पडतो. एवढंच एकरंगी हवं असेल तर टाइल्स लावा, स्वस्तात पडतील.

पायरी ८ : बसवल्यानंतरचं पहिलं वर्ष

रंग बदलणं फरशी बसवल्यावरही चालू असतं. पहिले काही महिने सतरंजी, पायपोस, दिवाण यांची जागा अधूनमधून हलवा, नाहीतर खाली फिकट चौकोन राहतो. राहिलाच तर घाबरू नका, उघडा ठेवला की बराचसा भरून येतो. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लावा.

आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा भाजलेली आणि खोलीत कूलरची ओलसर हवा. सगळ्या फरशीला ते एका अर्थी बरंच, फार आकसत नाही. पण कूलरच्या तोंडासमोरच्या दोन-तीन फळ्या फुगतात, खाली ठिबकलेलं पाणी काळा डाग सोडतं. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, झोत वरून जाऊ द्या. पोछा घट्ट पिळून मारा, बादली ओतून धुवायची सवय या खोलीत सोडा.

उरलेल्या चार-पाच फळ्या जाळायला किंवा शेजाऱ्याला देऊ नका. माळ्यावर अंधारात ठेवल्या तर पाच वर्षांनी त्या फरशीशी जुळणार नाहीत. त्यांनाही तेच पॉलिश मारा आणि त्याच खोलीत, कपाटावर, उजेड पडेल अशा ठेवा. पुढे एखादी फळी जळाली, फाटली, तरी बदली फळी रंगाने जवळपास जुळेल. तीही जुळली नाही, तर कपाटाखालची जुनी फळी काढून दिसत्या जागी लावा आणि नवी कपाटाखाली घाला.